पगारपत्रकातील दीडशे रुपये

सन २०२३ च्या मार्च महिन्यातील गोष्ट आहे. आमच्या गल्लीतील एक तरुण गृहस्थ (तरुण म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावरचा) एका संध्याकाळी आमच्याकडे आला. पीथमपूरच्या एका लहानशा कारखान्यात तो पर्यवेक्षक आहे. इंदूरहून रोज कंपनीच्या बसने जातो, येतो. त्याच्या हातात घडी घातलेला एक कोरा कागद होता. चहा झाल्यावर त्याने हळूच विषय काढला, "काका, मालक पगार वाढवताहेत. एक एप्रिलपासून बावीस हजार होणार. मला वाढ नको म्हणून अर्ज करायचाय. माझं हिंदी बोलण्यापुरतं ठीक आहे, पण अर्ज तुम्ही नीट लिहून द्याल का?"

आम्हाला प्रथम ती थट्टाच वाटली. पगारवाढीसाठी अर्ज, विनंत्या आणि प्रसंगी सत्याग्रहही करणारी माणसे आम्ही आयुष्यभर पाहिली. वाढ नाकारण्यासाठी अर्ज लिहून मागणारा हा पहिलाच. परंतु त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. घरात त्याची आई आहे, कागदोपत्री वय एकोणसत्तर. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला न्यावे लागते. हा सारा खर्च तोवर कर्मचारी राज्य विमा योजनेतून, म्हणजे आपल्याकडे सर्वतोमुखी असलेल्या 'बीमा अस्पताल'च्या कार्डावर, होत होता. आणि त्या कार्डाचा अधिकार पगार एकवीस हजारांच्या आत असेपर्यंतच.

त्याने पगारपत्रक दाखविले. वेतन २०,४००, कपातीच्या रकान्यात 'ईएसआय' या नावापुढे रुपये १५३. एवढीच ती ओळ. आपल्या घरोघरी नोकरदार माणसे आहेत. पैकी कितीजणांनी या ओळीकडे नीट पाहिले असेल, याची आम्हाला शंका आहे. आमचीही गोष्ट वेगळी नाही. त्या संध्याकाळपर्यंत आम्ही तिला किरकोळ कपात म्हणूनच ओळखत होतो. त्या दीडशे रुपयांमागे काय उभे आहे हे त्या मुलाच्या निमित्ताने आम्ही शोधू लागलो, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सरकारने १९४३ साली प्रा. भा. पुं. आदारकर या अर्थशास्त्रज्ञाकडे सोपविले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आदारकरांनी आपला अहवाल १९४४ मध्ये दिला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू या तीन उद्योगांतील बारमाही कारखान्यांपासून प्रारंभ करावा, कामगार आणि मालक दोघांनीही वर्गणी भरावी, असा त्यांचा आराखडा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी तो तपासला, त्यात काही फेरबदल झाले, आणि स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. स्वतंत्र भारताने राज्यघटना स्वीकारण्यापूर्वी कामगाराच्या आजारपणाचा कायदा केला होता, ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात तरी नव्हती.

कायदा झाला, पण कारखानदार बिथरले. ज्या शहरात योजना आधी येईल तेथील मालकांचा उत्पादनखर्च वाढेल आणि शेजारच्या शहरातील प्रतिस्पर्धी सुखात राहील, ही त्यांची तक्रार. ती अगदीच निराधार नव्हती. त्यावर तोड म्हणून १९५१ साली कायदा दुरुस्त करून सबंध देशातील कारखानदारांवर थोडी विशेष वर्गणी बसविण्यात आली; जेथे योजना सुरू झाली तेथे दर अधिक, इतरत्र कमी. मग २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचे उद्घाटन झाले. त्याच वेळी दिल्लीतही ती सुरू झाली. पहिले सन्मान्य विमाधारक म्हणून नोंद झाली ती खुद्द नेहरूंचीच.

१९५४ मध्ये नागपूर व मुंबई, आणि १९५५ मध्ये आपले इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन व रतलाम. गिरण्यांच्या त्या भरभराटीच्या काळात इंदूरला हुकूमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी अशा गिरण्यांचे भोंगे वेळ सांगत. तत्कालीन केंद्रीय मंत्री गुलझारीलाल नंदा यांच्या नावाने कामगारांची नंदानगर वसाहत उभी राहिली आणि तेथेच पुढे विम्याचे रुग्णालय झाले. आरंभी उपचार केवळ कामगारालाच मिळत. कुटुंबीयांना त्यात सामावून घेण्यास १९५८ उजाडले.

आमचे एक चुलते गिरणीच्या हिशेबखात्यात होते. त्यांचेही कार्ड होते. ते कपाटातल्या वरच्या खणात, सोवळ्याच्या पेटीशेजारी, जपून ठेवलेले असे. वापरलेले आम्ही कधी पाहिले नाही. बीमा अस्पतालात जाणे म्हणजे साचेवाल्यांच्या आणि जॉबरांच्या रांगेत उभे राहणे. आपण मराठी कारकून मंडळी, धोतर स्वच्छ, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे, मग घरचा डॉक्टर सोडून तेथे कसे जायचे? काकूंच्या बाळंतपणाला दागिना मोडला, पण कार्ड खणातून निघाले नाही. या संकोचाची किंमत आपल्या समाजाने किती वर्षे आणि किती प्रकारे मोजली, याचा हिशेब कोणी मांडला असेल असे वाटत नाही.

असो. आता आजची गोष्ट. १ जुलै २०१९ पासून या योजनेत मालकाने वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरावयाचा आहे. त्यापूर्वी हे दर अनुक्रमे पावणेपाच आणि पावणेदोन टक्के होते. म्हणजे आमच्या त्या तरुणाच्या १५३ रुपयांना मालकाचे ६६३ रुपये येऊन मिळत होते, एकूण ८१६. या रकमेत स्वतः तो, पत्नी, दोन मुले आणि अवलंबून असलेली आई, अशा पाच माणसांच्या उपचारांची सोय. अवलंबित आईवडिलांसाठी त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, तेवढी पाळली म्हणजे झाले. उपचारांच्या खर्चाला कमाल आकडा नाही. पूर्वीपासूनचा आजार, खोलीभाडे हे शब्दच या योजनेच्या शब्दकोशात नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दवाखान्याचे दार उघडे. जे उपचार विम्याच्या रुग्णालयात होत नाहीत त्यांसाठी करारबद्ध खासगी रुग्णालयात पाठविले जाते. आईचे डायलिसिस तसेच चालू होते.

औषधोपचार हा या योजनेचा एक भाग. दुसरा भाग रोख पैशांचा, आणि त्याची माहिती आमच्या पाहण्यात फारच थोड्यांना आहे. आजारी पडून रजा घ्यावी लागली तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट एवढीच की संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घकालीन आजारांत ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत. स्त्री कर्मचाऱ्याला बाळंतपणात २०१७ पासून २६ आठवडे पूर्ण वेतन. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून ९० टक्के. आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही यात धरतात. पीथमपूरच्या रस्त्यावर रोज पहाटे दुचाक्यांची जी रांग लागते, त्या रांगेतील माणसांना हे ठाऊक असणे फार अगत्याचे आहे.

निवृत्तांसाठीही एक तरतूद आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयात निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाकाठी अवघे १२० रुपये भरून स्वतःला व पत्नीला (अथवा पतीला) वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला दहा रुपये! आमच्या वाचनालयातील तीन निवृत्त गृहस्थांना आम्ही हे सांगितले. पैकी एकाला माहीत होते, दुसरा पात्र असूनही अनभिज्ञ होता, आणि तिसऱ्याने "दहा रुपयांत काय मिळणार, कडू गोळ्या" म्हणून विषय उडवून लावला.

त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. रांगा मोठ्या असतात. एका खिडकीवर चिठ्ठी, दुसऱ्या खिडकीवर शिक्का, तिसऱ्या खिडकीवर "दवाई अगले हफ्ते". मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची परवानगी मिळविण्यात दिवस मोडतो, आणि रोजंदारीच्या माणसाचा दिवस मोडणे म्हणजे काय हे खिडकीपलीकडच्या माणसाला कळतेच असे नाही. आमच्या तरुणाने पहिल्या दोन महिन्यांत चार रजा याच कामी घालविल्या. परंतु एकदा कागद लागी लागल्यावर वर्षभर आईच्या डायलिसिसला एक पैसाही द्यावा लागला नाही, हेही त्यानेच सांगितले. बाहेर त्याच रुग्णालयात एका वेळचे १,८०० रुपये होतात. महिन्याला आठ वेळा धरल्या तर १४,४००.

आता ती पगारवाढ पाहा. २०,४०० चे २२,०००. म्हणजे १,६०० रुपयांची वाढ. आणि तिच्यासाठी १४,४०० रुपयांचा मासिक खर्च अंगावर घ्यायचा! अर्ज लिहून मागणारा मुलगा वेडा नव्हता, गणितात पक्का होता.

वेतनाची ही मर्यादा आरंभी दरमहा ४०० रुपये होती. १९७५ मध्ये ती १,००० झाली, २०१० मध्ये १५,०००, आणि १ जानेवारी २०१७ रोजी २१,०००. अपंग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० आहे. ही मर्यादा म्हणजे जिना नव्हे, कडा आहे. एकवीस हजारांवर एक रुपयाही वेतन गेले की माणूस योजनेबाहेर. त्याला अधिक वर्गणी भरून आत राहण्याचा पर्यायही नाही. पगार वाढत जातात, महागाई वाढत जाते, आणि मर्यादा मात्र वर्षानुवर्षे तेथेच थांबते. मग ज्याला काल गरीब कामगार म्हणून औषध मिळत होते तो आज कागदोपत्री सुखवस्तू ठरतो. मर्यादा वेतनवाढीबरोबर आपोआप सरकत राहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु या कड्याला एक लहानशी पायवाट आहे, आणि ती आम्हाला एका जुन्या कामगार कार्यकर्त्याने दाखविली. गिरण्यांच्या काळापासून कामगारांचे कागद लिहून देण्यात ज्यांचा जन्म गेला असे ते गृहस्थ. नाव छापू नका म्हणाले. आम्ही त्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अर्जाचा मसुदा वाचलाही नाही. एवढेच विचारले, "वाढ कोणत्या तारखेपासून?"

"एक एप्रिल."

"मालकाला म्हणावं, एक मे कर. अर्ज फाड."

मग त्यांनी समजावून सांगितले. या योजनेत वर्षाचे दोन वर्गणीकाल असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्याचा लाभकाल पुढील जानेवारी ते जून, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबर. वर्गणीकालाच्या आरंभी जो मर्यादेच्या आत आहे त्याचे वेतन मध्येच वाढले, तरी तो काल संपेपर्यंत तो विमाधारकच राहतो आणि वर्गणी वाढलेल्या वेतनावर भरली जाते. म्हणजे वाढ १ एप्रिल २०२३ ला झाली तर मार्चअखेरच्या वर्गणीवर ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत उपचार मिळतील. तीच १ मे ला झाली तर सप्टेंबरअखेर वर्गणी चालू राहील आणि उपचार ३० जून २०२४ पर्यंत. एका महिन्याच्या वाढीवर, म्हणजे १,६०० रुपयांवर, पाणी सोडले की सहा महिने हाती येतात. आठवड्यातून दोन वेळचे सहा महिने.

मालक भला माणूस निघाला. त्याला वर्गणीपोटी दरमहा ७१५ रुपये अधिक पाच महिने भरावे लागणार होते, मुलाला १६५. त्याने क्षणभर हिशेब केला आणि होय म्हटले. हे सर्व कायद्याच्या चौकटीत राहून झाले, हे मुद्दाम नमूद करतो. कारण वेतनाचा काही भाग कागदावर लपवून माणसाला मर्यादेच्या आत दाखविण्याची युक्तीही बाजारात चालते, आणि पुढे इजा वा मृत्यू झाला की तिचा फटका कामगाराच्या बायकामुलांनाच बसतो, कारण तेव्हा मिळणारी रक्कम कागदावरच्या वेतनावरच मोजतात.

आणखी एक गोष्ट याच ओघात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापण्यास कायद्याने मनाई आहे. हल्ली नेमणूकपत्रात 'कंपनीला पडणारा एकूण खर्च' असा एक फुगवलेला आकडा देतात आणि त्यात मालकाची वर्गणीही मिळवितात. मुलगा घरी येऊन सांगतो पगार इतका, आणि हातात पडतो तितका. लग्नाच्या बोलण्यांत यावरून झालेले घोळ आम्ही पाहिले आहेत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. कापलेली वर्गणी प्रत्यक्षात जमा होते की नाही, हे आपल्या विमा क्रमांकावरून महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. महिन्यातून एकदा पाहावे.

मर्यादेबाहेर गेलेल्यांचे काय? तेथे सुरू होतो समूह आरोग्य विमा, ज्याला सर्वजण 'मेडिक्लेम' म्हणतात. हे नाव १९८६ साली सरकारी साधारण विमा कंपन्यांनी आणलेल्या योजनेचे. पुढे ते सगळ्याच आरोग्य विम्याला चिकटले. कंपनी वर्षाचा हप्ता भरते, विमा कंपनी ठरलेल्या रकमेपर्यंत रुग्णालयाचे बिल देते. स्वतंत्रपणे घेतलेल्या विम्यात जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते (१ एप्रिल २०२४ पूर्वी ही कमाल मुदत चार वर्षे होती). समूह विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून ते धरलेले असतात. ही त्याची मोठीच सोय. पण आईवडील? ते मालकाच्या मर्जीवर. काही मोठ्या कंपन्या त्यांना घेतात, काही कर्मचाऱ्याकडून वेगळा हप्ता घेऊन सामील करतात, आणि लहान कारखाने बहुधा टाळतात, कारण समूहाचा हप्ता मागील वर्षी किती दावे झाले यावर ठरतो आणि वृद्धांचे दावे अधिक. आमच्या तरुणाच्या कारखान्याने दोन लाखांचा विमा दिला: तो, पत्नी, दोन मुले. आई त्यात नाही.

या विम्यातील एक खाचखळगा बडोद्याच्या आमच्या एका भाचीने अनुभवला. तिच्या विम्याची रक्कम तीन लाख, आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. शस्त्रक्रियेच्या वेळी ५,००० भाड्याची खोली घेतली. विचार असा की चार दिवसांचे वरचे ८,००० आपण भरू. प्रत्यक्षात बिल झाले १,६०,०००: खोली २०,०००, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी मिळून १,००,०००, औषधे व तपासण्या ४०,०००. विमा कंपनीने खोलीचे १२,००० दिले. आणि खोली परवानगीच्या पाच तृतीयांश भाड्याची, म्हणून लाखाच्या रकमेतही त्याच प्रमाणात कपात करून ६०,००० दिले. औषधे व तपासण्यांना ही कपात २०२० च्या नियमांनी वगळली आहे, म्हणून ते ४०,००० पूर्ण. बेरीज १,१२,०००. आठ हजारांच्या तयारीने गेलेल्या माणसाला ४८,००० भरावे लागले. रुग्णालयातील प्रवेशखिडकीवर "खोली कोणती?" हा प्रश्न विचारतात तेव्हा घरच्यांचे लक्ष रुग्णाकडे असते, हेच तर खरे.

नोकरी सुटली की समूह विमाही सुटतो. मात्र त्याच विमा कंपनीच्या व्यक्तिगत विम्यात स्थलांतर करण्याचा मार्ग आहे, आणि समूहात काढलेला काळ प्रतीक्षाकालात धरला जातो. त्यासाठी नोकरीच्या अखेरच्या दिवसांतच अर्ज करावा. निरोपसमारंभाच्या गडबडीत तो राहून जातो. व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे, समूह विम्यावर मात्र तो १८ टक्केच राहिला.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे बहुतांश नोकरदारांचा आरोग्य विमा मालकाकडूनच असतो. दुसऱ्या महायुद्धात वेतनवाढीवर सरकारी बंधने आली तेव्हा कामगार टिकविण्यासाठी मालकांनी विमा देऊ केला, आणि १९५४ च्या करकायद्याने त्या पद्धतीला पक्के कवच दिले. २०२४ साली तेथील एका कुटुंबाच्या अशा विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. पैकी कामगाराच्या वेतनातून सरासरी ६,२९६. नोकरी सुटली तर तोच विमा साधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, पण मालकाचा हिस्साही स्वतः भरून. सून-मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांना त्या विम्यात घेत नाहीत. त्यांनी निघण्यापूर्वी प्रवासी विमा घ्यावा लागतो, एवढे आपल्या घरांतून आता माहीत झाले आहे.

मालकावर विसंबलेल्या विम्याचा मोठा दोष आम्हाला वाटतो तो हा, की माणसाला औषधाची गरज आणि नोकरी जाणे या गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून येतात. हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. वेतन थांबले, वर्गणी थांबली, आणि यथावकाश कार्डही निर्जीव झाले. त्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी, बत्तीस वर्षांनंतर. तोवर अनेकांच्या विधवांनी रांगेत उभे राहायचे दिवस आले होते. कारखाना बंद पडून बेकार झालेल्यांना काही काळ भत्ता आणि उपचार देण्याची तरतूद विमा योजनेत आली ती २००५ साली. गिरण्यांना तिचा उपयोग नव्हता.

१९४८ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यात 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनातच मोजतात. मर्यादेच्या काठावर असणाऱ्यांनी आपले पगारपत्रक नव्या व्याख्येप्रमाणे एकदा कार्यालयाकडून मोजून घ्यावे. बडोद्याला गोत्री, हैदराबादला सनतनगर, बेळगावला अशोकनगर, गोव्यात मडगाव, आणि आपल्या इंदूरला नंदानगर, येथे विम्याची रुग्णालये आहेत. चौकशी तेथेही करता येईल.

त्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. कालनिर्णयच्या २०२४ च्या जून पानावर तीस तारखेभोवती लाल गोल पडला. त्या तारखेपर्यंत सर्व सुरळीत चालले. दरम्यान आईने सत्तरी ओलांडली. १ जुलैपासून मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी १,८०० रुपये मोजावे लागू लागले. मालकाने पुढील नूतनीकरणात आईवडिलांना घेता येईल का याची विचारणा केली. विमा कंपनीने सांगितलेला हप्ता ऐकून तो विषय तेथेच थांबला. चार आठवडे वाढीव पगारातून आणि शिल्लकेतून निघाले, नंतर सोसायटीचे कर्ज काढले. सुनेने शिवणाचे काम वाढविले. "मंगळवारचं सोडून देऊ, शुक्रवारचं ठेवू," असे म्हातारी एकदा म्हणाली. त्यावर घरात मोठे भांडण झाले, आणि ते आमच्या गॅलरीपर्यंत ऐकू आले.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देण्यास केंद्र सरकारने प्रारंभ केला. डायलिसिस त्यात आहे. आधारवरील जन्मतारीख आणि अंगठ्याचा ठसा एवढ्यावर कार्ड मिळते. परंतु म्हातारीच्या हाताच्या रेषा भांडी घासून पुसट झालेल्या, यंत्र काही ठसा घेईना. तीन वेळा परत यावे लागले. चौथ्या खेपेस डोळ्यांवरून ओळख पटली आणि नोव्हेंबरच्या मध्यास कार्ड हाती आले. मधल्या वीस आठवड्यांत चाळीस वेळचे ७२,००० रुपये झाले होते. सोसायटीचे हप्ते अजून चालू आहेत.

पगार न वाढविण्याचा तो कोरा कागद आमच्या टेबलाच्या खणात तसाच पडून होता. परवा त्याच्या पाठीवर सौ. ने वाणसामानाची यादी केली.